दगडांच्या गावचा समुद्र

ग्युस्ताव कुर्बे हे नाव मराठी वाचकाच्या कानावरून गेलेले असते ते बहुधा दोन कारणांनी. पाश्चात्त्य चित्रकलेच्या इतिहासात वास्तववादाचे प्रकरण त्याच्यापासून सुरू होते, हे एक. आणि 1871च्या पॅरिस कम्यूनमध्ये, म्हणजे त्या शहरातल्या बंडखोर नगरसरकारात, उतरल्याबद्दल त्याला आधी तुरुंगात आणि मग परदेशात दिवस काढावे लागले, हे दुसरे. खडी फोडणारे मजूर रंगवणारा, आपल्या गावातल्या साध्या दफनविधीला राजेरजवाड्यांच्या चित्राएवढा कॅनव्हास देणारा बंडखोर, ही त्याची ओळख खरीच आहे. पण तेवढ्यावर थांबले की त्याचे निम्मे काम नजरेआड होते. याच माणसाने वयाच्या पंचेचाळिशीनंतर समुद्राचा ध्यास घेतला आणि त्याची डझनावारी चित्रे केली. त्याने रंगवलेल्या लाटा आज पॅरिस, बर्लिन, फ्रँकफर्ट, लियाँ, एडिंबरो आणि टोकियो इथल्या संग्रहालयांत आहेत. शिल्पेही केली, थोडीच, पण मन लावून. त्यांतली दोन गावच्या सार्वजनिक हौदांवर, वाहत्या पाण्याच्या सोबतीला बसवली गेली. या पुस्तकाचा विषय हा कुर्बे आहे: समुद्राचा चित्रकार आणि शिल्पकार.

समुद्रचित्रे आणि शिल्पे एकाच पुस्तकात का, असे कोणी विचारील. फ्रेंच आणि इंग्रजी ग्रंथांतही ही दोन कामे सहसा वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवलेली असतात, आणि शिल्पांची बोळवण बऱ्याचदा तळटीपेत होते. माझे म्हणणे असे की ती एकाच वृत्तीतून आली आहेत. कुर्बेला वस्तूचे रूप दिसे त्याच्याही आधी तिचे वजन जाणवे. चुनखडीचा कडा असो, शिकार केलेले हरीण असो, ताटातली सफरचंदे असोत, त्याच्या चित्रातली वस्तू डोळ्यांना दिसते तशी हातालाही लागते. पाणी तर हातात न राहणारी गोष्ट. तिलाही त्याने वजन दिले, आणि समुद्राचे चित्रण त्यामुळे बदलले. हा बदल नीट समजायचा तर त्याच्या आधी युरोपातले चित्रकार समुद्राकडे कसे पाहत होते ते पाहावे लागते.

सागरचित्र हा स्वतंत्र प्रकार सतराव्या शतकात हॉलंडमध्ये उभा राहिला, आणि तो उभा करण्यात व्यापाराचा आणि आरमाराचा मोठा वाटा होता. ज्या देशाची भाकरी जहाजांवर चालते तिथल्या सावकाराला आणि सरदाराला भिंतीवर जहाजच हवे असणार. हेन्ड्रिक व्रोमने जहाजांची भव्य चित्रे केली. यान पोर्सेलिसने त्यांच्याभोवतीची राखाडी हवा आणि खवळलेले पाणी पुढे आणले. थोरला आणि धाकटा विलेम व्हान द व्हेल्ड ही बापलेकांची जोडी या परंपरेचे शिखर. बाप स्वतः होडीतून आरमारी लढाया पाहायला जाई आणि तिथल्या तिथे रेखाटने करी. मुलगा त्यांना रंगांत आणी. 1672-73च्या हिवाळ्यात दोघे इंग्लंडला गेले आणि दुसऱ्या चार्ल्सने त्यांना प्रत्येकी वर्षाला 100 पौंड बांधून दिले. इंग्रजी सागरचित्राचा पाया असा डच हातांनी घातला गेला. या चित्रांत दोरखंड, शिडे, तोफांची भोके सगळे अचूक असे, कारण पाहणारे गिऱ्हाईक खलाशी नाही तर जहाजमालक. मुख्य पात्र जहाज होते. समुद्राचे काम त्याला तरंगवायचे किंवा बुडवायचे.

फ्रान्समध्ये समुद्राची सूत्रे राज्याने हाती धरली. पंधराव्या लुईने 1753मध्ये जोसेफ व्हेर्नेकडून फ्रान्सच्या बंदरांची मालिका करवून घेतली. त्यांतली पंधरा मोठी चित्रे पुरी झाली. 1830मध्ये तेओदोर ग्युदँ हा आरमाराचा अधिकृत चित्रकार झाला. तोवर रोमँटिक चित्रकारांनी समुद्राला नियतीचे रूप दिले होते. जेरिकोचे ‘मेड्युसाचा तराफा’ 1819च्या सालोंमध्ये, म्हणजे पॅरिसच्या सरकारी प्रदर्शनात, लागले, आणि तेच कुर्बेचे जन्मवर्ष. टर्नरने 1842च्या हिमवादळाच्या चित्रात पाणी, धूर आणि आकाश एकमेकांत असे मिसळले की आगबोट शोधावी लागते. क्रिमियात आयवाझोव्स्की स्मरणातून लाटा रंगवी. धावते पाणी समोर बसून काढताच येत नाही, अशी त्याची धारणा होती. त्याच्या पारदर्शक, उजेडाने आतून भरलेल्या लाटांपुढे आजही लोक थबकतात. तरी या सर्वांत एक गोष्ट समान राहिली. समुद्र ही माणसाच्या कथेची रंगभूमी होती: विजय, बुडणे, वाचणे, घरी परतणे.

1850च्या दशकात दोन दिशांनी काही वेगळे घडू लागले. नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर बुदँ आणि योंगकिंद हे चित्रकार हवेचे, ढगांचे, भरती-ओहोटीचे तास टिपू लागले. आणि ग्युस्ताव ल ग्रे या छायाचित्रकाराने 1856-57मध्ये समुद्राची छायाचित्रे प्रदर्शित केली. त्या काळच्या काचपट्टीवर आकाश आणि पाणी एकाच वेळी नीट उमटत नसे. आकाश नीट यावे तर पाणी काळे पडे. ल ग्रेने दोन वेगळ्या काचपट्ट्या क्षितिजरेषेवर जोडून एक छायाचित्र करण्याची युक्ती वापरली. फुटणारी लाट एका जागी थांबलेली लोकांनी तेव्हा पाहिली. लाट हा एकटाच विषय होऊ शकतो, त्यावर जहाज नसले तरी चालते, ही हिंमत चित्रकारांना देण्यात या छायाचित्रांचा वाटा होता असे मला वाटते.

आता कुर्बे. त्याचा जन्म 10 जून 1819 रोजी पूर्व फ्रान्सच्या फ्रांश-काँते प्रांतातल्या ऑर्नाँ या गावचा. वडील खातेपिते जमीनदार शेतकरी. गाव लू नदीच्या खोऱ्यात. दोन्ही अंगांना चुनखडीचे उभे कडे, आणि नदी थोड्या अंतरावर डोंगराच्या पोटातल्या गुहेतून एकदम बाहेर पडते. समुद्र इथून सगळ्याच दिशांनी लांब. पण ही चुनखडी समुद्रतळाशी साचून बनलेली आहे, आणि कुर्बेच्या मित्रमंडळात भूगर्भशास्त्रात रस असलेली माणसे होती. गुहेतून निघणाऱ्या नदीची त्याने अनेक चित्रे केली. त्यांत दगड आणि पाणी एकाच पदार्थाच्या दोन अवस्था वाटतात. पुढे समुद्र रंगवणारा हात इथेच घडला.

1841मध्ये, विशीत, तो मित्राबरोबर सेन नदीच्या काठाकाठाने ल आव्रला गेला आणि पहिल्यांदा समुद्र पाहिला. दरीत वाढलेल्या माणसाला क्षितिजापाशी काहीच नसणे किती चमत्कारिक वाटते, हे त्याने आईवडिलांना लिहिलेल्या पत्रातून कळते. त्याच वर्षी जॉन गॉफ रँड या अमेरिकन चित्रकाराने तैलरंगाच्या धातूच्या नळीचे पेटंट घेतले. रंग घोटण्याची खटपट संपून तयार जाडसर रंग नळीतून सरळ बाहेर काढता येऊ लागला. ही सोय नसती तर कुर्बेच्या लाटा अशा झाल्या नसत्या.

पण त्या लाटांना अजून अठ्ठावीस वर्षे होती. मधल्या काळात तो हॉलंडला जाऊन रेम्ब्रां आणि हाल्स पाहून आला, 1849च्या सालोंमध्ये पदक मिळवले, आणि पुढच्या सालोंमध्ये ‘खडी फोडणारे’ आणि ‘ऑर्नाँचा दफनविधी’ लावून पॅरिसला हादरवले. साडेसहा मीटरांहून रुंद असलेल्या त्या दफनविधीत गावचे खरे लोक उभे आहेत, आणि कोणाकडेही नायकपण नाही. 1855मध्ये जागतिक प्रदर्शनाच्या परीक्षकांनी त्याची मोठी चित्रे नाकारली तेव्हा त्याने जवळच स्वतःचा मंडप उभारला, दारावर वास्तववादाची पाटी लावली आणि सोबत एक छोटा जाहीरनामा छापला. आपल्या काळाच्या चालीरीती आणि विचार आपल्या नजरेतून रंगवायचे, जिवंत कला करायची, एवढा त्याचा सारांश.

इथे एक गोष्ट मराठी वाचकासाठी स्पष्ट केली पाहिजे. मुंबईत 1857मध्ये सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट सुरू झाले आणि तिथून आपल्याकडे जी हुबेहूब चित्रणाची परंपरा रुजली, ती युरोपीय अकादमीची होती: शरीररचना, छायाप्रकाश, यथादर्शन यांची शिस्त. त्या परंपरेने आपल्याला मोठे चित्रकार दिले. पण कुर्बेचा वास्तववाद ही अकादमीचीच एक शाखा आहे असे समजून त्याच्याकडे गेलो तर पदरी निराशा येते. त्याच्या आकृतींत सफाई कमी आहे, यथादर्शन कधी कधी अडखळते, रंगाचा लेप उघडा दिसतो. अकादमीला सत्याचा भास हवा होता. त्यासाठी रंग रंगासारखा दिसू नये, याची ती काळजी घेई. कुर्बेला रंगही वस्तूइतकाच खरा हवा होता.

समुद्राशी त्याची दुसरी भेट भूमध्य किनाऱ्यावर झाली. माँपेलिएचा श्रीमंत रसिक आल्फ्रेद ब्र्यियास याने त्याला 1854मध्ये बोलावून घेतले. तिथे पालावासच्या किनाऱ्यावर त्याने एक लहानसे चित्र केले. सपाट निळा समुद्र, वर तितकेच रिकामे आकाश, आणि डावीकडच्या खडकावर उभा राहून टोपी उंचावणारा एक इवला माणूस. हा माणूस म्हणजे स्वतः कुर्बे, असेच बहुतेक सगळे मानतात. त्या टोपी उंचावण्यात आदर आहे आणि बरोबरीचे आव्हानही. पुढच्या सागरचित्रांत हा माणूस हळूहळू नाहीसा होतो, आणि ती चित्रे मोठी होतात.

1865मध्ये तो त्रूव्हिलला गेला. नुकतेच फॅशनेबल झालेले हे किनाऱ्याचे गाव. तिथे त्याच्यासोबत अमेरिकन चित्रकार व्हिस्लर होता आणि व्हिस्लरची आयरिश सखी जो हिफरनन होती. व्हिस्लरच्या त्या वेळच्या एका चित्रात रिकाम्या किनाऱ्यावर समुद्राकडे पाहत उभा असलेला दाढीवाला माणूस म्हणजे कुर्बे. दिवसा तालेवार स्त्रियांची व्यक्तिचित्रे आणि उरलेल्या वेळात समुद्र, असा त्याचा क्रम होता. ही सागरचित्रे पाहिली की आश्चर्य वाटते. क्षितिज खाली, वाळूची एक पट्टी, पाण्याची एक पट्टी, आणि उरलेला सगळा कॅनव्हास आकाशाला. तो यांना सागरचित्रे म्हणत नसे, समुद्राची निसर्गचित्रे म्हणे. जहाजांच्या परंपरेशी आपला संबंध नाही, हे त्याला सांगायचे होते. 1867मध्ये आल्मा पुलाजवळ त्याने पुन्हा स्वतःचे प्रदर्शन भरवले तेव्हा या चित्रांना स्वतंत्र विभाग दिला. व्हिस्लर मात्र त्याच वर्षी एका मित्राला लिहिलेल्या पत्रात त्या वास्तववादाला शिव्या देऊन मोकळा झाला. कुर्बेने त्याला किती खोलवर हलवले होते याचा तो पुरावाच म्हणायचा.

1869चा उन्हाळा त्याने एत्रतात घालवला. खडूच्या पांढऱ्या कड्यांचे हे गाव, कड्यांत समुद्राने कोरलेल्या कमानी. एकोणीस वर्षांच्या, पुढे कथाकार झालेल्या मोपासाँने त्याला तिथे काम करताना पाहिले आणि पुढे 1886मध्ये त्याविषयी लिहिले. मोठ्या रिकाम्या खोलीत एक जाडजूड, मळकट माणूस स्वयंपाकघरातल्या सुरीने कोऱ्या कॅनव्हासवर पांढऱ्या रंगाचे गोळे थापतो आहे. मधूनच खिडकीच्या काचेला तोंड चिकटवून वादळ बघतो. समुद्र इतका जवळ की लाटा घरावरच आपटतात असे वाटावे, फेसाने घर झाकून जावे. मोपासाँच्या या वर्णनात कथाकाराचा हात असेल. पण त्यातली सुरी खरी आहे, हे चित्रेच सांगतात.

त्याची पद्धत समजून घेण्यासारखी आहे. बहुतेक चित्रकार तेव्हा फिकट अस्तरावर काम करू लागले होते. कुर्बे कॅनव्हासवर गडद तपकिरी किंवा काळपट थर देई आणि अंधारातून उजेडाकडे जाई. त्यावर गडद हिरवा, मग राखाडी, मग पॅलेट नाइफने जाड पांढरा. सुरी टेकवून ओढली की रंगाचा पापुद्रा बसतो, त्याला कड राहते, आणि सुरी उचलताना उंचवटा निघतो. फेस असा बनला आहे. काही ठिकाणी तो चिंधीने किंवा बोळ्याने पुसून खालचा गडद थर उघडा करी. तिथे पाणी खोल दिसते. कड्यांच्या चित्रांतही हीच सुरी, हाच रंग. दगड रंगवण्याची रीत त्याने पाण्याला लावली, आणि म्हणून त्याची लाट उचललेल्या शिळेसारखी अंगावर येते. हे काम मातीवर थापी चालवणाऱ्या शिल्पकाराच्या कामाला फार जवळचे आहे. थर चढवणे, खरवडणे, दाबणे.

1870च्या सालोंमध्ये त्याने दोन चित्रे ठेवली: ‘खवळलेला समुद्र’ आणि ‘वादळानंतरचा एत्रताचा कडा’. पहिले सुमारे 116 सेंटिमीटर उंच आणि 160 सेंटिमीटर रुंद. खाली किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या होड्या आहेत, पण माणूस कोणी नाही. लाटेच्या इतर काही आवृत्त्यांत होड्याही नाहीत. फुटायच्या बेतात आलेली एक लाट, वर ढगांचे ओझे, बस्स. कादंबरीकार झोलाने या चित्राची तारीफ करताना बजावले की इथे कोणी मोत्यासारख्या कांतीची रूपकात्मक स्त्री शोधू नये. कुर्बेने नुसती लाट रंगवली आहे. जपानी चित्रकार होकुसाईच्या प्रसिद्ध लाटेशी तिची तुलना वारंवार होते. मला दोघांतला फरक मोलाचा वाटतो. होकुसाईच्या लाटेला रेषा आहे, तिच्या खाली नावा आणि माणसे आहेत. कुर्बेच्या लाटेला बाह्यरेषाच नाही. तिला आहे तो घट्टपणा.

त्याच सालोंमध्ये हॉलंडच्या हेन्ड्रिक विलेम मेस्दागला उत्तर समुद्राच्या लाटांबद्दल सुवर्णपदक मिळाले. मेस्दाग पुढे हेगमध्ये 1881ला समुद्रकिनाऱ्याचे प्रचंड वर्तुळाकार दृश्यचित्र करणार होता, आणि कुर्बेची चित्रे स्वतःच्या संग्रहासाठी विकत घेणार होता. जहाजांच्या देशातल्या चित्रकाराने दरीतल्या माणसाकडून समुद्र घ्यावा, हे मला त्या शतकाच्या चित्रकलेतले फार सुंदर वळण वाटते.

शिल्पाकडे वळू. 1862मध्ये कुर्बेने एका मुलाचा पुतळा केला. हातात काटा धरून लू नदीच्या पाण्यातला शाबो नावाचा लहान मासा टिपायला ओणवलेला उघडा मुलगा. त्याने तो आपल्या गावाला दिला आणि 1864मध्ये तो ऑर्नाँच्या हौदावर बसला. एकोणिसाव्या शतकातल्या फ्रेंच शिल्पात कोळ्याच्या पोराचा विषय आवडता होता. र्यूदने कासवाशी खेळणारा नेपल्सचा पोरगा संगमरवरात केला, कार्पोने शिंपला कानाला लावणारा, आणि पुढे 1877मध्ये इटालियन जेमितोने निसरड्या खडकावर मासे छातीशी धरलेला. ही सारी पोरे नेपल्सची, म्हणजे पॅरिसच्या रसिकाला दूरची आणि गोड वाटणारी. कुर्बेचा मुलगा ऑर्नाँचा आहे, आणि तो हसत नाही. त्याचे सगळे लक्ष माशावर आहे. रोज त्या हौदावर पाणी भरायला येणाऱ्यांना तो ओळखीचा वाटला असेल. शिल्प म्हणून तो र्यूद किंवा कार्पो यांच्या तोडीचा नाही, हे मान्य करायला हवे. हातापायांत अवघडलेपण आहे. पण सार्वजनिक पुतळा म्हणजे राजा, सेनापती किंवा देवता, या समजुतीच्या काळात मासे मारणारे गावातले पोर चौकात उभे करणे, हे ‘दफनविधी’इतकेच ठाम विधान होते.

सार्वजनिक पुतळ्यांनीच त्याचा घात केला. पॅरिसमधला व्हाँदोम स्तंभ हे पहिल्या नेपोलियनच्या विजयांचे स्मारक. 14 सप्टेंबर 1870 रोजी, सम्राट तिसरा नेपोलियन पडल्यावर, कुर्बेने सरकारला अर्ज केला की कलामूल्य नसलेले हे युद्धखोर स्मारक उतरवावे. कम्यूनने ते पाडण्याचा हुकूम काढला 12 एप्रिल 1871ला. कुर्बे कम्यूनवर निवडून आला 16 एप्रिलला. स्तंभ कोसळला 16 मे रोजी. तारखा मुद्दाम देतो आहे, कारण स्तंभ पाडण्याचा निर्णय कुर्बेचा होता हे वाक्य अजूनही बिनदिक्कत छापले जाते. कम्यून चिरडल्यावर त्याला अटक झाली, सहा महिन्यांची कैद आणि 500 फ्रँक दंड झाला. 1872च्या सालोंने त्याची चित्रे परत केली. ऑर्नाँच्या हौदावरून तो मुलगाही हटवण्यात आला. मग नव्या सरकारने स्तंभ पुन्हा उभारण्याचा सारा खर्च त्याच्याकडून वसूल करायचे ठरवले आणि 1873च्या जुलैमध्ये त्याने सरहद्द ओलांडून स्वित्झर्लंड गाठले.

तुरुंगानंतर त्याने रंगवलेला ट्राउट मासा झुरिकमध्ये आहे. गळाला लागलेला, खडकांवर ओढला गेलेला, कल्ल्यातून रक्त येणारा. कुर्बेने स्वतःची अनेक व्यक्तिचित्रे केली. माझ्या मते हे त्यांतले शेवटचे आणि सर्वांत खरे.

ला तूर-द-पेल या जिनिव्हा सरोवराकाठच्या गावाने त्याला थारा दिला. समुद्र संपला, सरोवर आले. शियाँचा किल्ला, सूर्यास्त, शांत पाणी. या काळातले काम असमान आहे. पैशांची निकड होती, दारू वाढली होती, आणि पाता, ऑर्दिनेर यांसारखे सहायक त्याच्या शैलीत चित्रे करीत, ज्यांवर कधी कधी कुर्बेची सही असे. तरी 1874चे काही सूर्यास्त त्याच्या उत्तम कामात बसतात. आणि तो पुन्हा मातीकडे वळला. 1875मध्ये त्याने स्वातंत्र्यदेवतेचा अर्धपुतळा करून आसरा देणाऱ्या गावाला भेट दिला. तोही हौदावर बसला. भव्य स्तंभ पाडल्याच्या ठपक्यावरून ज्याला देशोधडीला लावले त्याने दोन गावांना पाण्याजवळची दोन शिल्पे दिली, आणि दोन्ही माणसाच्या आवाक्यातली. हा विचारपूर्वक घडवलेला फरक आहे, असे मी मानतो, आणि पुस्तकातला शिल्पांवरचा भाग याच मुद्द्याभोवती उभा आहे.

स्तंभाच्या खर्चाचा आकडा शेवटी 323,091 फ्रँक ठरला, वर्षाला 10,000 फ्रँकांच्या हप्त्याने. पहिला हप्ता 1 जानेवारी 1878ला द्यायचा होता. आदल्या दिवशी, 31 डिसेंबर 1877ला, कुर्बे वारला. वय 58. काही महिन्यांत त्याच फ्रेंच सरकारने ‘खवळलेला समुद्र’ विकत घेतला. आज तो पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात आहे. कुर्बेचे अवशेष 1919मध्ये, जन्मशताब्दीला, ऑर्नाँला परत आणले गेले.

पुढच्या पिढीने त्याच्याकडून काय घेतले? मोने 1880च्या दशकात एत्रताला पुन्हा पुन्हा गेला तेव्हा कुर्बेने आधीच हा कडा रंगवून ठेवला आहे, हे दडपण त्याच्या मनात होते. त्याने त्यातून उजेडाचा रस्ता काढला. सेझानने उलट घट्टपणा उचलला. कुर्बेच्या लाटेविषयी तो भारावून बोलत असे, आणि त्याच्या तरुणपणच्या चित्रांतली सुरी कुर्बेकडूनच आली. अमेरिकेचा विन्स्लो होमर 1866-67मध्ये फ्रान्समध्ये होता, आल्माचे प्रदर्शन भरले तेव्हाही. पुढे मेन राज्याच्या खडकाळ किनाऱ्यावर त्याने रंगवलेल्या निर्मनुष्य लाटांना या वंशात जागा आहे. शिल्पात वास्तववादाचा धागा बेल्जियमच्या मनिएने पुढे नेला. अँटवर्पच्या गोदीतला त्याचा हमाल ‘खडी फोडणाऱ्यां’चा सख्खा भाऊ आहे. ते मूळ चित्र मात्र 1945मध्ये ड्रेस्डेनजवळ नष्ट झाले.

कुर्बेवरच्या अभ्यासाला निरनिराळी वळणे लागली. मेयर शापिरोने 1941मध्ये त्याच्या चित्रांतली लोककलेची मुळे दाखवली. लिंडा नॉक्लिन आणि टी. जे. क्लार्क यांनी त्याला 1848च्या क्रांतीच्या आणि वर्गसंघर्षाच्या संदर्भात वाचले. मायकेल फ्रीडने 1990मध्ये वेगळीच वाट धरली: चित्रकार आपल्या शरीरासकट चित्रात शिरू पाहतो आहे, असा त्याचा सिद्धांत. राजकीय वाचनाने समुद्राला फारसा भाव दिला नाही. लाटेत वर्ग कुठून आणायचा? फ्रीडचे वाचन समुद्राला जास्त मानवते, पण तिथे इतिहास पातळ होतो. या पुस्तकात दोन्हींचे ऋण आहे आणि दोन्हींशी भांडणही आहे. 1870च्या वसंतात, साम्राज्य कोसळायच्या काही महिने आधी, सम्राटाच्या सरकारचा मानसन्मान नाकारणाऱ्या माणसाने रंगवलेली लाट निव्वळ निसर्ग म्हणून पाहता येत नाही. तिला क्रांतीचे रूपक ठरवणे मात्र झोलाने हाणून पाडलेली चूक पुन्हा करणे होईल.

आज हा विषय का, याचे माझे उत्तर साधे आहे. समुद्राच्या प्रतिमांची आपल्याकडे आता वाण नाही. प्रत्येकाच्या फोनमध्ये लाटा आहेत, आणि त्या बोटाने पुढे सरकतात. कुर्बेच्या लाटेपुढे तसे होत नाही. ती पाहायला वेळ लागतो, कारण ती घडवायला अंगमेहनत लागली आहे, आणि ती मेहनत रंगाच्या थरात दिसते. दुसरे कारण असे की आपल्याकडे पाश्चात्त्य आधुनिक कलेची गोष्ट बहुधा मोनेपासून सांगितली जाते. त्यामुळे आधुनिक म्हणजे उजेड, क्षण, हलका हात, असा ग्रह होतो. वजनाची, पदार्थाची, श्रमाची आधुनिकता तिच्या आधी होती. आपल्या तरुण चित्रकारांना आणि शिल्पकारांना ती ठाऊक असायला हवी, कारण तिच्यात त्यांच्या उपयोगाचे बरेच आहे.

पुस्तकाची मांडणी काळाच्या क्रमाने काटेकोर नाही. नदी, समुद्र, सरोवर अशी पाण्याची वाट धरून ते पुढे जाते आणि वाटेत शिल्पे येतात. चरित्र लागते तेवढेच घेतले आहे. ज्या चित्रांच्या अस्सलपणाबद्दल वाद आहे ती, विशेषतः स्वित्झर्लंडच्या काळातली, मुख्य विवेचनातून बाहेर ठेवली आहेत. सहायकांचा हात कुठे ओळखू येतो, हे सांगण्यासाठीच त्यांतली काही एका प्रकरणात तपासली आहेत. तंत्राची चर्चा सविस्तर आहे. ज्यांनी हातात कधी सुरी किंवा कुंचला धरला नाही त्यांना ती पहिल्या वाचनात जड वाटेल. त्यांनी ती पाने ओलांडून पुढे जावे आणि सवडीने परत यावे.

वाचकाला एकच विनंती. प्रत्येक प्रकरण सुरू करण्याआधी त्यातली चित्रे आणि शिल्पे नीट पाहून घ्यावीत, मजकूर नंतर वाचावा. आणि कधी पॅरिस, बर्लिन किंवा टोकियोला जाणे झाले तर मूळ लाटेसमोर बाजूने, तिरके उभे राहून पाहावे. रंगाचे उंचवटे तिथूनच दिसतात. छापील पानावर ते आणता आलेले नाहीत.